मुऱ्यांचा झिरा

माझं माहेर सांगलीचं. घराच्या मागं आड होता आणि पाणी म्हणजे रहाटानं वर ओढायचं ते, एवढंच मला ठाऊक. लग्न होऊन कोरेगावच्या बाजूला एका नदीकाठच्या खेड्यात आले. दुसऱ्याच सकाळी सासूबाईंनी माझ्या डोक्यावर चुंबळ ठेवली, काखेत कळशी दिली आणि मला नदीवर नेलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. पाण्याशी पोचल्यावर मी घाईघाईनं कळशी बुडवायला वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"आदी मासं बघायचं. मग भांडं बुडवायचं."

मी बघितलं, पण मला काहीच दिसेना. पाणी इतकं निवळ होतं की ते आहे की नाही हेच कळत नव्हतं. तळाला वाळू आणि गोटे, एवढंच दिसत होतं. मग वाळूचाच एक तुकडा सरकला, आणखी एक सरकला. बोटभर लांबीच्या मुऱ्या होत्या त्या. अंगावर वाळूच्याच रंगाचे पट्टे, पोट तळाला टेकून बसलेल्या. हलल्याशिवाय ओळखू येत नसत. नजर बसली तसे बाकीचे मासेही दिसू लागले. शेपटीजवळ काळा ठिपका असलेले, पत्र्याच्या तुकड्यासारखे चमकणारे. आणि एक जात तर अशी आरपार, की अंगातला काटा बाहेरून दिसायचा.

"मासं खेळत्यात तवर पानी जित्तं हाय," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मनगट सोडलं.

त्या जागेला गावात झिरा म्हणत. शिमगा झाला की नदी वाहायची थांबायची, पात्र कोरडं पडायचं. पण गावाच्या खालच्या अंगाला काळ्या खडकाच्या कपारीतून झरे फुटत आणि उन्हाळाभर तिथं कमरेएवढं पाणी राही. झऱ्याच्या तोंडाशी वाळू उकळल्यासारखी हलत असायची. भोवती लव्हाळे, पाणकणसं आणि गुडघाभर ओलं गवत. खाली उतारावर झिऱ्यातून सांडलेलं पाणी पसरून चिखलाची पाणथळ झालेली, तिथं बगळे उभे. सगळं रान भाजून निघालेलं असताना एवढाच तुकडा हिरवा असे. झिऱ्यात कुणी पाय घालायचा नाही, धुणं धुवायचं नाही आणि तिथला मासा धरायचा नाही. हे कुणी कधी ठरवलं ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण मोडत कुणी नसे.

मी सांगते त्या उन्हाळ्यात लढाई चालूच होती. माझे यजमान फौजेत होते, कुठल्या मुलखात ते आम्हाला नीट माहीत नव्हतं. रॉकेल मिळत नव्हतं. जिल्हाभर चळवळीची धामधूम होती. आज या गावात पोलीस आले, उद्या त्या गावात कुणाला धरलं. कोण कुणाचा माणूस, कुणाचं कुणी नाव सांगितलं, या संशयानं माणसं एकमेकांकडे बघत. पारावर बसलेली माणसं परका दिसला की बोलणं तोडायची. तशात आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला. वैशाखात झिऱ्याचं पाणी गुडघ्याच्या खाली गेलं.

झिऱ्याच्या वर, वाळूच्या पट्ट्यापलीकडं, एक कोंड होतं. त्यात पाणी होतं, पण ते साचलेलं. गावकऱ्यांनी एके दिवशी वाळूतून चर काढला आणि कोंडातलं पाणी हळूहळू झिऱ्यात घेतलं. वाळूतून गाळून येईल, म्हणजे बिघडणार नाही, असा हिशेब. माझे सासरे, म्हणजे मामंजी, त्या कामाला पुढं होते. गावात त्यांच्या शब्दाला मान होता.

त्याच दिवसांत माण तालुक्याकडून धनगरांचा एक वाडा, म्हणजे मेंढरांसकट तळ, आमच्या शिवारात उतरलेला. दर वर्षी यायचे. रानात मेंढरं बसवायची, खत व्हायचं, बदल्यात धान्य मिळायचं. एक म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि सुनेच्या कडेवरचं पोर. ती सून माझ्याच वयाची होती. नदीच्या वाटेवर भेटली की हसायची. एकदा तिनं मला विचारलं, "आक्का, तुमचा मालक कवा येनार?" मी म्हटलं, "सरकार सोडील तेव्हा." ती म्हणाली, "आमचं बरं हाय. मालक मेंढरामागं, आमी मालकामागं."

ते सगळं घडलं त्याच्या आदल्या संध्याकाळी पाण्यावरून कुरबूर झाली. पाणी उतरल्यामुळं मेंढरं झिऱ्याच्या काठापर्यंत आली होती. मामंजी आणि आणखी चार माणसं तिथं गेली. मामंजी म्हणाले, "मेंढरं खाली पाणथळीत पाजा. हितं लोकांचं पिण्याचं पानी हाय."

म्हातारा धनगर तापट होता. "खाली चिखल हाय नुसता. आवं, पानी काय तुमी गठुड्यात बांदून आणलंया? आज आमास्नी हटकताय. द्येव बघतोय, ज्येचं त्येला मिळंल."

एवढं बोलून त्यानं मेंढरं खाली वळवली. गोष्ट तिथंच संपायला हवी होती.

आमच्या घरात तेव्हा धाकटी नणंद बाळंतपणाला आलेली. पहिलटकरीण. मूल नीट होतं, पण तिला दूध पुरेसं येत नव्हतं. पोर रडून रडून निळं पडायचं. सुईण म्हणाली होती, "मुऱ्यांचं कालवण घाला तिला, पान्हा फुटंल." माझे धाकटे दीर गुळाच्या ढेपा घेऊन साताऱ्याला गाडी हाकून गेले होते, ते त्याच संध्याकाळी परतले. बहिणीचं ऐकलं आणि काही न बोलता बैलांना वैरण टाकायला गेले. स्वभावानं ते तसेच. बोलायचं कमी, करून मोकळं व्हायचं.

सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा ते आले. धोतराच्या सोग्यात मासे होते, मूठमूठ मुऱ्या आणि एक चांगली हातभर मरळ. त्यांचा डावा डोळा लाल झालेला, पाणी गळत होतं.

"भावजी, डोळ्याला काय झालं?"

"कुसळ ग्येलं. हे घ्या, लवकर कालवण करा. ताईला गरम द्या."

मला बरं वाटलं. मासे कोंडातलेच असणार, झिऱ्यातले नव्हेत, एवढी खात्री होती. मी राखेत घोळून मासे साफ केले, चुलीवर कालवण ठेवलं, आणि घागर-कळशी घेऊन पाण्याला निघाले. आत्याबाई माझ्या आधीच एक घागर आणून ठेवून गोठ्यात गेल्या होत्या.

झिऱ्यावर तेव्हा कुणी नव्हतं. सकाळची मोठी गर्दी होऊन गेली होती, काठाची वाळू पावलांनी तुडवलेली होती. मी सवयीनं वाकून बघितलं.

मुऱ्या तळाला नव्हत्या. त्या सगळ्या वर आल्या होत्या आणि पाण्याबाहेर तोंड काढून हवा ओढत होत्या. ज्या जन्मात कधी वाळू सोडत नाहीत, त्या. मी बघत असतानाच एक गिरकी घेऊन उलटी झाली. पांढरं पोट वर. मग दुसरी. ठिपक्याचे मासे वेड्यासारखे खडकावर आपटत होते. आरपार दिसणारे मासे काठाच्या गवतात अडकून पडलेले, आता ते आरपार दिसत नव्हते, शिजलेल्या भातासारखे पांढरे झाले होते. आणि जिथून चर झिऱ्यात येत होता, तिथं पाण्यावर दुधाची धार सोडावी तशी एक फिकट साय पसरली होती.

मग चराच्या तोंडाशी लव्हाळ्यात अडकलेला हिरवा चोथा दिसला. काडीनं ओढून काढला. ठेचलेल्या शेराच्या कांड्या होत्या.

शेर गावात सगळ्यांच्या कुंपणाला होता. पानं नसलेली, बोटाएवढ्या हिरव्या कांड्यांची ती झुडपं. मोडली की दुधासारखा चीक गळतो. मी नवी होते तेव्हा आत्याबाईंनी बजावलं होतं, डोळ्यात गेला तर डोळा जाईल, पोटात गेला तर आतडी जळतील.

घागर तिथंच टाकून मी पळत सुटले. वाटेत पाण्याला निघालेल्या बायका भेटल्या. "पानी भरू नका! पाण्यात शेर हाय! भरलेलं वता!" असं मी ओरडत होते. इतके दिवस मी शहरी बोलत होते म्हणून त्या मला हसायच्या, पण त्या दिवशी तोंडातून त्यांचीच भाषा निघाली. एक बाई डोक्यावरची घागर तशीच सोडून माघारी धावली. तिची पोरं घरी होती.

घरात शिरले तेव्हा नणंद खाटेवर उठून बसली होती आणि तांब्या तोंडाला लावत होती. मी तो हातानं उडवला. पाणी तिच्या अंगावर, बाळाच्या दुपट्यावर सांडलं. बाळ किंचाळलं.

"वैनी, याड लागलं का काय?"

"किती प्यालात? वन्सं, किती पाणी प्यालात?"

"येकच घोट. पर घशात चुरचुरतंय गं."

मी तिला तूप चाटवलं, दूध पाजलं, जे सुचेल ते केलं. आवाज ऐकून आत्याबाई गोठ्यातून आल्या. मी सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण त्यांची नजर माझ्यावर नव्हती. परसातल्या भिंतीकडं होती. मीही तिकडं बघितलं. भिंतीवर एक पोतं वाळत टाकलेलं. ते ओलं होतं आणि त्यावर पांढरे, चिकट डाग होते.

त्या क्षणी मला लाल डोळा आठवला, आणि पाण्यात शेर ठेचून घातला की मासे गुंगून हाती लागतात, हे ऐकलेलंही आठवलं.

आत्याबाई चुलीपाशी गेल्या. फडक्यानं कालवणाची तवली उचलली, गोठ्यामागं नेली आणि उकिरड्यात ओतली. मग पोतं काढलं, गुंडाळलं आणि गोवऱ्यांच्या ढिगाखाली सारलं. परत येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"त्यो परवापासनं गाडीवर हुता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "चर काढल्याला त्येला ठावंच न्हाई. त्येला वाटलं कोंड येगळं, झिरा येगळा."

"मग असं सांगू या मामंजींना."

"तोंड मिटून ऱ्हा. माजा येक पोरगा लढाईवर हाय. दुसरा मला घरात पायजे."

बाहेर तोवर गोंधळ सुरू झाला होता. कुणाचं पोर ओकत होतं, कुणाची म्हातारी पोट धरून लोळत होती. आधी लोक म्हणाले, पटकी आली. मग माझ्या ओरडण्याची गोष्ट पसरली. पाण्यात शेर टाकलाय. कुणी टाकला?

उत्तर शोधायला कुणाला फार वेळ लागला नाही. "कालच म्हातारा म्हनला न्हवं, ज्येचं त्येला मिळंल? समद्यांच्या देखत म्हनला." पारापाशी माणसं जमली. कुणी म्हणालं, ते धनगर नव्हेतच, पोलिसांचे खबरे आहेत, गावाचा काटा काढायला धाडलेत. कुणी म्हणालं, नाही, चळवळीवाल्यांना पाणी देतो म्हणून गावाला शिक्षा. कुणाचंही काहीही चाललं होतं आणि प्रत्येक बोलण्याबरोबर आणखी एक काठी घरातून बाहेर येत होती. कुऱ्हाडीही होत्या. ज्या माणसाचं पोर ओकत होतं तो सगळ्यात पुढं होता. त्याचे डोळे बघवत नव्हते.

मामंजी मळ्यातून आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला. इचारू तरी." पण विचारायला कुणी कुऱ्हाड घेऊन जात नाही, हे त्यांनाही दिसत होतं. तरी ते पुढं झाले. मी दाराच्या आडून बघत होते. धाकटे भावजी कुठं आहेत ते मला कळेना. नंतर समजलं, ते डोळ्यावर ओलं फडकं धरून वरच्या रानात आंब्याखाली पडले होते. डोळ्याच्या आगीपुढं त्यांना गावात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता.

माणसं निघाली. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या नणंदेच्या खाटेशी बसून बाळाला थोपटत होत्या आणि मुद्दाम माझ्याकडं बघत नव्हत्या. मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि माणसांच्या मागून चालू लागले. मागून हाक आली, "कुटं निगालीस?" मी थांबले नाही. खरं सांगायचं तर काय करायचं ते ठरवून मी निघाले नव्हते. घरात बसवेना, इतकंच.

धनगरांचा वाडा पाणथळीच्या पलीकडं, बाभळींखाली होता. आम्ही गेलो तेव्हा तिथं कुत्रंही भुंकलं नाही. ते एका कडेला पाय ताणून पडलेलं. मेंढरं माना टाकून उभी होती, त्यांच्या तोंडातून फेस गळत होता. काही आडवी झालेली, काही मेलेलीच. झिऱ्यातून सांडलेलं पाणीच तर त्यांनी प्यायलं होतं. धनगराचा मुलगा एका मेंढीच्या तोंडात ताक ओतत होता. त्याची बायको पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडात बोट घालून बघत होती. म्हाताऱ्यानं आम्हाला बघितलं आणि उठून उभा राहिला. त्याला वाटलं, आम्ही मदतीला आलोय.

"बगा वो," तो म्हणाला, "कशानं ह्ये झालं? मगापासनं मरत्यात."

"आमाला इचारतोस?" ज्याचं पोर ओकत होतं तो म्हणाला. "तूच घातलास शेर."

म्हाताऱ्यानं आडव्या पडलेल्या मेंढरांकडं हात केला. "म्या? माज्या मेंढरास्नी?"

"सोंग करतोय! दोन मेंढरं मारून दावतोय!"

मामंजींनी हात वर केला. "थांबा. बोलू द्या त्येला." पण त्यांचा आवाज कुणाला ऐकू गेला की नाही कोण जाणे. काठी उठली आणि म्हाताऱ्याच्या कानाच्या वर बसली. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकायची इच्छा नाही. म्हातारा गुडघ्यावर आला. त्याच्या कानातून रक्ताचा ओघळ निघाला. मुलगा धावला, त्याच्या हातात मेंढरांसाठी पाला तोडायची कुऱ्हाड आली होती. आता दोन्हीकडं कुऱ्हाडी होत्या. त्याची बायको पोराला छातीशी धरून उठली. तिची नजर सगळ्यांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबली. तिथं मी एकटीच बाई होते.

सासऱ्यांसमोर मी तोवर मोठ्यानं बोलले नव्हते. त्यांच्यासमोरून जायचं झालं तर मी भिंतीला चिकटून जायची. माझा आवाज कसा आहे हे त्यांना बहुधा माहीतही नसावं.

"शेर त्यांनी नाही टाकला," मी म्हटलं.

पहिल्यांदा कुणालाच कळलं नाही कोण बोललं. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "शेर ह्यांनी नाही टाकला. शेर आमच्या घरातनं गेलाय."

सगळी माणसं वळली. मामंजींचा चेहरा मी पदराआडून बघत होते. राग येण्याआधी माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं, न समजणं, ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"काय म्हनतीस?"

"धाकटे भावजी पहाटे कोंडात मासे धरायला गेले होते. वन्संसाठी. शेर ठेचून घातला. चर काढलेला त्यांना माहीत नव्हतं, ते गाडीवर होते. त्यांच्या डोळ्यात चीक गेलाय. पोतं आमच्या घरी आहे."

कुणीतरी म्हणालं, "बाईमानूस काय बी बोलतंया." मामंजी त्याच्याकडं न बघता म्हणाले, "गप." मग शेजारच्या एकाला म्हणाले, "वरच्या रानात जा. आंब्याखाली असंल. घिऊन ये."

तो जाऊन येईपर्यंतचा वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. कुणी काठी खाली ठेवली नाही आणि कुणी पुढंही झालं नाही. मेंढरं मधूनच खोकल्यासारखा आवाज करायची. धनगराच्या मुलाच्या हातातली कुऱ्हाड तशीच होती. मी देवाला विनवत होते, पण काय विनवावं तेच कळत नव्हतं. भावजी नाही म्हणाले तर? तर मी खोटी ठरणार होते आणि म्हातारा मरणार होता. हो म्हणाले तर तीच माणसं त्यांच्या अंगावर जाणार होती.

भावजी आले. एका डोळ्यावर फडकं बांधलेलं, दुसऱ्यानं बघत. त्यांनी मेंढरं बघितली, म्हाताऱ्याचं रक्त बघितलं, माणसांच्या हातातल्या काठ्या बघितल्या. वाटेत त्यांना सांगितलं असावं.

मामंजींनी विचारलं, "कोंडात शेर तूच टाकलास?"

"व्हय आबा."

"का?"

"जाळं फाटल्यालं. ताईसाटनं मासं पायजे हुतं. पानी झिऱ्यात जातंय ह्ये म्हाईत असतं तर..." ते म्हाताऱ्यापाशी जाऊन खाली बसले, जमिनीवरच, आणि मान खाली घातली. "मारायचं तर मला मारा," ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

ओकणाऱ्या पोराचा बाप काठी घेऊन त्यांच्यापर्यंत गेला. मी डोळे मिटले. पण काठीचा आवाज आला नाही. उघडून बघितलं तर त्यानं काठी टाकली होती आणि तो गावाकडं चालू लागला होता. त्याचं पोर घरी होतं. एकेक करून बाकीचेही वळले. मामंजींनी आपल्या फेट्याचा शेव फाडला आणि म्हाताऱ्याच्या कानाला बांधला. म्हाताऱ्यानं बांधू दिला, पण त्यांच्याकडं बघितलं नाही.

गावात त्या दिवशी कुणी दगावलं नाही. दूध, तूप, ताक, ज्याला जे मिळालं ते पाजलं. शेराची धग दोन-तीन दिवस पोरांच्या तोंडावर फोड होऊन राहिली. धनगरांची बरीच मेंढरं गेली. मामंजींनी आमच्या दोन शेळ्या आणि भरलेली कणगी देऊ केली. धनगराच्या मुलानं काहीच घेतलं नाही. दुसऱ्या सकाळी त्यांनी वाडा मोडला आणि घोड्यावर म्हाताऱ्याला बसवून ते पूर्वेला गेले. त्यांच्या वाटेवर मामंजी पाण्यानं भरलेली घागर घेऊन उभे होते, मळ्यातल्या विहिरीची. ती मात्र धनगराच्या सुनेनं घेतली, पोराला पाणी पाजलं आणि रिकामी करून परत दिली.

झिरा उपसायला सगळं गाव लागलं. चर बुजवला. घागरींची रांग लावली आणि पाणी उपसून लांब रानात फेकलं. झरे भरत होते, आम्ही उपसत होतो. मेलेले मासे पाट्यांनी निघाले. एवढ्याशा पाण्यात इतका जीव होता हे मला त्या दिवशी कळलं. खडकाच्या फटींतून, लव्हाळ्याच्या मुळांतून, जिथं हात घालावा तिथून पांढरे पडलेले जीव निघत होते. नखाएवढी पिल्लं होती. खड्डा करून पुरलं सगळं.

मग पाणी पुन्हा निवळ झालं. पूर्वीइतकंच निवळ. पण प्यायला कुणी धजेना. पाण्यात बघायला काही उरलंच नव्हतं. गाव मळ्यातल्या विहिरीचं मचूळ पाणी पीत होतं आणि त्यानं नणंदेचं पोट आणखी बिघडलं. शेवटी मी कळशी घेऊन एकटीच खालच्या अंगाला गेले. बऱ्याच अंतरावर एका खडकाखाली थोडं पाणी उरलं होतं, तिथं मुऱ्या होत्या. कळशीत जेवढ्या आल्या तेवढ्या आणल्या आणि झिऱ्यात सोडल्या. मग काठावर बसून राहिले. त्या आधी एका जागी घोळका करून थांबल्या. मला वाटलं, गेल्या. मग एक तळाला गेली आणि वाळूवर पोट टेकलं. ऊन डोक्यावरून कलेपर्यंत मी बसले होते. एकही वर आली नाही.

मान वर केली तर मागं आत्याबाई उभ्या होत्या. त्या घटनेपासून त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. माझ्या हातची भाकरी खात होत्या, पण ताट माझ्याकडून घेत नव्हत्या. किती वेळ तिथं होत्या कोण जाणे. त्या पुढं झाल्या, वाकल्या, ओंजळ भरली आणि प्यायल्या. मी "थांबा" म्हणायच्या आत. मग माझ्याशेजारी वाळूवर बसल्या. आम्ही दोघी वाट बघत बसलो. त्यांना काही झालं नाही. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात टेकला आणि मला म्हणाल्या, "भर कळशी." एवढंच बोलल्या, पण त्यानंतर बोलायला लागल्या.

धाकट्या भावजींचा डोळा वाचला, तरी उजेडात नेहमी मिटायचा. गावात ते फार दिवस टिकले नाहीत. मुंबईला गिरणीत गेले. शिमग्याला यायचे, पण नदीवर जात नसत. माझ्यावर त्यांनी राग धरला असं मला कधी दिसलं नाही. मी मात्र त्यांच्यापुढं ताट ठेवताना कायम अवघडायची.

लढाई संपल्यावर यजमान घरी आले. गोष्ट त्यांना गावानं आधीच सांगितली होती, प्रत्येकानं आपापल्या परीनं. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "तुला भीती न्हाई वाटली?" मी म्हटलं, "वाटली." "मग?" मी म्हटलं, "ती बाई माझ्याकडं बघत होती." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

धनगर आमच्या शिवारात परत उतरले नाहीत. दुसरे वाडे यायचे, तो नाही. तीन-चार वर्षांनी कोरेगावच्या बाजारात मी मिरच्या घेत होते, तर घोंगड्यांच्या रांगेत ती सून बसलेली दिसली. मी तिला ओळखलं आणि तिनंही मला. मध्ये माणसांची गर्दी होती. मी मिरच्या तशाच टाकून तिच्याकडं गेले. तिच्या पोराचं विचारलं. मोठं झालं होतं, मेंढरांमागं जात होतं. मग म्हाताऱ्याचं विचारलं.

"हायत," ती म्हणाली. "त्या कानानं ऐकू येत न्हाई. मागनं हाक मारली तर वळत न्हाईत. मेंढरांची घंटा बी ऐकू येत न्हाई, म्हनून आता रानात धाडत न्हाई आमी."

मी तिथंच उभी राहिले. तिनं घोंगडी झटकून घडी घातली, गिऱ्हाइकाला दिली. मग माझ्याकडं न बघता थोडी सरकली आणि शेजारची जागा हातानं साफ केली. मी तिथं बसले. बाजार मोडेपर्यंत आम्ही दोघी बसलो होतो. ती गिऱ्हाइकांशी घासाघीस करत होती आणि मी तिच्या घोंगड्या उलगडून दाखवत होते.